लिनक्स फुकट, मग आठ हजार कशाचे?

"मी घरी बसून मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते. अप्पा बळवंत चौकातल्या दोन-तीन प्रकाशकांची कामं नेहमीची आहेत. घरचा डेस्कटॉप २०१६ सालचा, त्यावर विंडोज ११ चढत नाही. आई साताऱ्याला एकटी असते, महिन्यातले आठ-दहा दिवस तिच्याकडे जाते, म्हणून आता लॅपटॉपच घ्यायचा ठरवलाय. मुलगा म्हणतो लिनक्सच घे. त्यानेच कर्वेनगरच्या एका माणसाचा पत्ता काढून दिला. तो राहत्या घरातून फक्त लिनक्स घातलेले लॅपटॉप विकतो. किंमत ६२ हजार. शोरूममध्ये तसाच लॅपटॉप, विंडोजसकट, ५४ हजारांना आहे. शिवाय त्याला सगळे पैसे आधी हवेत आणि माल तीन आठवड्यांनी. आमचे हे म्हणतात, 'फुकटच्या गोष्टीला आठ हजार जास्त? आणि उद्या त्याने गाशा गुंडाळला तर?' मला दोघांचंही पटतं. काय करू?"
– एक वाचक, सहकारनगर

ताई,

यजमानांचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि मुलाचंही चुकलेलं नाही. आधी आठ हजारांचं बघू. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी, फुकट मिळणारी प्रणाली.

आपल्याकडच्या दुकानांत 'लिनक्सवाला' किंवा 'डॉसवाला' लॅपटॉप या शब्दांना वर्षानुवर्षं एकच अर्थ होता: विंडोजचे पैसे न भरलेला, म्हणून थोडा स्वस्त. गिऱ्हाईक तो घ्यायचं आणि दुकानदार काउंटरखालून पेन ड्राइव्ह काढून म्हणायचा, "विंडोज टाकून देतो, पाचशे द्या." बिचाऱ्या उबुंटूचं (लिनक्सच्याच एका अवताराचं) आयुष्य खोक्यापासून काउंटरपर्यंत. लिनक्स म्हणजे स्वस्त हे आपल्या कानांत इतकं बसलंय की त्याचे कोणी जास्त पैसे मागितले की टोपी घालतोय असंच वाटतं. पण त्या लॅपटॉपांत लिनक्ससाठी म्हणून कोणी काहीच निवडलेलं नसायचं. विंडोज तेवढं वगळलेलं असायचं.

कर्वेनगरच्या माणसाचा धंदा निवडीचा आहे. अर्थात, फरकाचा बराच भाग साध्या घाऊक-किरकोळीचा असणार. मोठी कंपनी लाखांनी माल उचलते, विंडोजही तिला त्याच हिशेबात पडतं. हा एका वेळी पाच-दहा नग आणत असेल. उरलेले पैसे कशाचे, ते किमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाही. वाय-फायचं कार्ड घ्या. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॅपटॉपांत कंपनी वेगवेगळी कार्डं घालू शकते, त्या महिन्यात जे मिळालं ते. इंटेलचं असेल तर लिनक्सवर बहुतेक वेळा चकार शब्द न काढता चालतं. दुसरं एखादं असेल तर आठवडाभर चालतं, मग अपडेट येतं आणि रविवारी सकाळी नेट गायब. कॅमेऱ्याचंही तसंच. अलीकडच्या काही पातळ लॅपटॉपांत मोबाइलच्या पद्धतीचा कॅमेरा असतो, त्याने लिनक्सवाल्यांना बराच काळ रडवलंय.

आणि झोप. तुम्ही साताऱ्याला जा-ये करणार, म्हणून हे नीट सांगतो. जुने लॅपटॉप झाकण मिटलं की गाढ झोपायचे. नव्यांपैकी बऱ्याच यंत्रांना मोबाइलसारखं अर्धवट जागं राहायची सवय लावलेली आहे. आतला एखादा भाग लिनक्सचं ऐकेना झाला की वरून सगळं काळं दिसतं, पण आत दिवा जळतच असतो. स्वारगेटला झाकण मिटून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप साताऱ्याला उतरेपर्यंत इस्त्रीसारखा तापलेला आणि बॅटरी तळाला गेलेली. चांगला विक्रेता हे सगळं आधी स्वतः भोगून मगच एखादं मॉडेल विकायला ठेवतो. तुमचे आठ हजार असतील तर त्या भोगण्याचे आहेत. त्याने ते खरंच भोगलंय का, हे तपासण्याचा उपाय पुढे सांगतो.

शोरूमचा घेऊन त्यावर मुलाकडून लिनक्स टाकून घेतलं तर? चालेल, बरेच जण तेच करतात. मोठ्या कंपन्याही स्वतः लिनक्स घालून देतात: डेलने २००७ मध्ये उबुंटूचे संगणक विकायला काढले, लेनोवोने २०२० मध्ये थिंकपॅडवर फेडोरा हे दुसरं लिनक्स दिलं. पण विंडोजचा लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकलं की तक्रारीच्या वेळी काय होतं ते ऐका. माझ्या वहिनीच्या लॅपटॉपची तीन बटणं मेली. साधी हार्डवेअरची तक्रार, वॉरंटी चालू. कंपनीचा माणूस घरी आला, पडदा बघितला आणि म्हणाला, "आधी विंडोज टाका, मग बघतो." बटणाचा आणि विंडोजचा काय संबंध, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्याच्या फॉर्मवर तसा रकाना होता, एवढंच. कर्वेनगरचा माणूस निदान हे म्हणणार नाही.

आता दुसरा प्रश्न, त्याने गाशा गुंडाळला तर. यजमानांना माझ्यातर्फे सांगा की सगळ्या प्रकरणातला हाच खरा प्रश्न आहे. छोटी दुकानं बंद पडतात. अमेरिकेत झारीझन नावाची कंपनी अशीच फक्त लिनक्सचे संगणक विकायची, तिने २०२० मध्ये दार लावलं. डेन्व्हरची सिस्टम७६ मात्र २००५ पासून उभी आहे. कोण टिकेल हे आधी कळत नाही.

मी स्वतः यातून गेलोय. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका छोट्या विक्रेत्याकडून लॅपटॉप घेतला होता. यंत्र उत्तम. तिसऱ्या वर्षी टचपॅडचं क्लिक लागेना. धूळ गेली असेल म्हणून फुंकर मारत बसलो. मग एक दिवस काचेच्या टेबलावर ठेवला तर तो पाळण्यासारखा डुलायला लागला. बॅटरी फुगून टचपॅडला खालून रेटत होती. (असं कधी दिसलं तर चार्जर लगेच काढा; बॅटरी दाबू नका, टोचू नका.) विक्रेत्याला फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. झाकणावर त्याचं ऐटबाज बोधचिन्ह होतं, त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता. स्क्रू काढून, जपून बॅटरी उचलली, तर खाली एक बारीक अक्षरांची चिठ्ठी: लॅपटॉप मुळात बनवणाऱ्या तैवानी कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर. तो कागदावर लिहून घेतला आणि तपकीर गल्ली गाठली. पहिल्या दोन दुकानदारांनी मान हलवली. तिसऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून नंबर वाचला आणि म्हणाला, "मागवावी लागेल, दहा दिवस." अकराव्या दिवशी मिळाली. तो लॅपटॉप अजून चालतोय.

यातली गोम अशी, की हे छोटे विक्रेते लॅपटॉपची बॉडी स्वतः बनवत नाहीत. जर्मनीतल्या ऑग्सबर्गची टक्सेडो असो की वर म्हटलेली सिस्टम७६, त्यांनी क्लेव्होसारख्या कंपन्यांच्या तयार बॉड्या घेऊन त्यांत रॅम, डिस्क, वाय-फाय कार्ड आपल्या पसंतीने घालून विकल्या आहेत. यात लपवण्यासारखं काही नाही, धंदाच तसा आहे. म्हणून कर्वेनगरला गेलात की सरळ विचारा: मूळ बॉडी कोणाची, मॉडेल नंबर काय, आणि तो बिलावर लिहून द्याल का? चांगला विक्रेता चटकन सांगेल. "ते कॉन्फिडेन्शियल आहे" असं ऐकू आलं तर चहा पिऊन परत या.

आता मी वचन दिलेला उपाय. कर्वेनगरला जाताना स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन जा. त्यावर मुलाला साधं डेबियन किंवा मिंट (हीही लिनक्सचीच रूपं), त्यांच्या मूळ ठिकाणाहून उतरवून, टाकून ठेवायला सांगा. डेबियनचं 'लाइव्ह' म्हणजे डिस्कवर न घालता चालणारं रूप घ्यायचं. डेबियन असेल तर १२ किंवा त्यापुढचं, कारण २०२३ च्या त्या आवृत्तीपासून वाय-फायला लागणारं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) सोबतच मिळतं. त्याआधीचं घेतलंत तर उगाच बिचाऱ्या यंत्राला दोष द्याल. विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचा दाखवायचा नग असेलच. म्हणावं, या पेन ड्राइव्हवरून चालू करून दाखवा. डिस्कवरचं काही पुसायचं नाही, नुसतं चालवून बघायचं. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेऱ्यात तुम्ही दिसता का, पडद्याचा उजेड बटणांनी कमी-जास्त होतो का. जे चालेल ते जगात कुठल्याही लिनक्सवाल्याच्या भरवशावर चालेल. जे अडेल ते या एका माणसावर अवलंबून आहे असं समजा. बटणांखालचा रंगीत दिवा लागला नाही, पंख्याचा वेग बदलता आला नाही, तर सोडून द्या. त्यासाठी हे लोक स्वतःचं सॉफ्टवेअर लिहितात आणि ते नसलं तरी प्रुफं तपासता येतात. वाय-फाय किंवा आवाजच त्याच्या खास सॉफ्टवेअरशिवाय चालत नसेल, तर मात्र मी ६२ हजार घालणार नाही.

झाकणाची परीक्षा त्याने टाकलेल्या लिनक्सवर घ्या. चार्जर काढा, टक्के बघून ठेवा, झाकण मिटा आणि अर्धा तास गप्पा मारा. उघडल्यावर एक-दोन टक्के उतरले असतील तर ठीक. हात लावला आणि गरम लागला तर ठीक नाही.

त्या अर्ध्या तासात विचारायचं आणखी थोडं आहे. मी याचं लिनक्स पुसून दुसरं टाकलं तर वॉरंटी जाते का? तळाचे स्क्रू काढून रॅम वाढवली तर? बायॉसचं (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट लिनक्समधूनच होतं की त्यासाठी कुठून तरी विंडोज शोधावं लागतं? शेवटच्या प्रश्नावर तो थोडा चाचरला तरी रागावू नका, छोट्या विक्रेत्यांची ही दुखरी नस आहे. पहिल्या दोहोंवर चाचरला तर मात्र लक्षात ठेवा. आणि पेन ड्राइव्ह बघून त्याचा चेहरा कसा होतो तेही बघा. ज्याने काम मनापासून केलंय तो माणूस असं गिऱ्हाईक आलं की खूश होतो. कधी नव्हे ते कोणीतरी योग्य प्रश्न विचारतंय!

पैशांचं. सगळे आधी देऊ नका. तो मागतोय याचा अर्थ तो लबाड आहे असा नाही. त्याच्याकडे भांडवल नाही, तुमच्याच पैशांतून तुमचा नग येणार, एवढाच अर्थ. पण मग तीन आठवडे तुम्ही त्याला बिनव्याजी कर्ज देताय, आणि सावकाराला अटी घालायचा हक्क असतो. तिसरा हिस्सा विसार म्हणून द्या, बाकीचे माल हातात आल्यावर, हीच सगळी परीक्षा तुमच्या स्वतःच्या नगावर पुन्हा घेऊन. रोख देऊ नका. फार फार तर निम्म्यावर तडजोड करा. त्यावरही अडून बसला तर दुसरीकडे बघा, कितीही गोड बोलत असला तरी.

बिल पक्कं हवं: सिरियल नंबर, वॉरंटी किती, दुरुस्तीला पाठवायचा खर्च कोणाचा, हे सगळं त्यावर. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्याचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर घालून बघितला की नोंदणी कधीची, विवरणपत्रं भरतो का, हे कोणालाही दिसतं. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकत असेल तर क्रमांक नसूही शकतो, तो काही गुन्हा नव्हे. पण मग बिलात जीएसटी लावता येत नाही, हे त्यालाही माहीत हवं. चार्जरच्या आणि लॅपटॉपच्या चिठ्ठीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, दोन्हींना तो बंधनकारक आहे. उद्या वाद झालाच तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे आणि पुण्यात जिल्हा ग्राहक आयोग. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालत नाही असं कोणी सांगेल. तुम्ही एकट्याने, पोटापाण्यासाठी काम करता. २०१९ च्या कायद्यात त्याला सूट आहे.

आता तुमच्या कामाचं, कारण पत्रात त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पीडीएफवर खुणा करायच्या असतील तर ऑक्युलर हे सॉफ्टवेअर झकास आहे. वर्डच्या फायलीतले बदल दाखवत काम करायचं तर वर्डच्या जागी वापरायच्या लिबरऑफिसमध्ये जमतं. फक्त पहिली दोन-तीन कामं प्रकाशकाकडे पाठवून त्यांच्याकडे नीट उघडतात का हे विचारून घ्या. पण प्रकाशक अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली पाठवत असतील तर त्या लिनक्सवर नीट उघडतील याचा भरवसा नाही, इनडिझाइनही लिनक्सवर येत नाही. आणि श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेला मजकूर तर नुसती चिन्हांची खिचडी दिसेल. श्रीलिपी आपल्या पुण्यातच जन्मली, त्यामुळे अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात तिचं पीक अजून भरघोस आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा जुना डेस्कटॉप भंगारात घालू नका. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याची नेटची वायर काढून ठेवा आणि फक्त अशा फायलींसाठी वापरा. ने-आण पेन ड्राइव्हने.

टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत असेल तर लिनक्समध्ये तो आहेच, सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट निवडला की झालं. तरी विक्रेत्यासमोर बसून एक ओळ टाइप करून बघा: 'दुसऱ्याच्या वाऱ्यावर ऱ्हास, ज्ञानेश्वरी, ऑफिस, ॲप.' अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा उमटतो का बघा. आणि ॲ. हा एका कळीने येणारा सबंध ॲ, आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ, डोळ्यांना सारखेच दिसतात पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. तीनशे पानांत एक शोधायला गेलात की दुसरा सापडत नाही. कुठला कीबोर्ड कुठला देतो, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर शेवटच्या प्रुफाला डोक्याला हात लावायची वेळ येईल. मी लावलाय.

तुमचा प्रश्न लॅपटॉपचा होता, पण एक पैसाही न घालता करायची गोष्ट तशीच राहिली. मुलाने बनवलेला तो पेन ड्राइव्ह आधी घरच्या डेस्कटॉपला लावा. विंडोजला धक्का लागत नाही. पंधरा दिवस रोज तासभर त्यावर बसा, एखादं प्रूफ खरोखरीच तपासा. पेन ड्राइव्हवरून थोडं संथ चालेल आणि बंद केलं की त्यावरचं विसरून जाईल, म्हणून काम दुसऱ्या पेन ड्राइव्हवर साठवा. नाही रुळलं तर ६२ हजार वाचले आणि शोरूमचा रस्ता तुम्हाला माहीत आहेच. रुळलं तर कर्वेनगरला जाताना तुम्हाला काय हवंय ते मुलाला विचारावं लागणार नाही.

यजमानांना भीती असेल की तो माणूस गेला तर पुण्यात लिनक्सचं कोण बघणार, तर पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक लिनक्सवरच चालतो, लिनक्सचाच धंदा करणाऱ्या रेड हॅट कंपनीचं मोठं ऑफिस याच शहरात आहे आणि लिनक्स वापरणाऱ्यांचा प्लग नावाचा जुना गट आहे. तुमच्या वाय-फायसाठी परम ब्रह्माला साकडं घालायची गरज पडणार नाही. इथे सोसायटीगणिक एक तरी मुलगा असा निघतो. त्याला मूळ मॉडेल नंबर सांगता आला म्हणजे झालं.

तेव्हा माझं मत: परीक्षेत उतरला आणि विसारावर तयार झाला तर कर्वेनगरचाच घ्या. यजमानांनाही सोबत न्या. "तुम्ही गेलात तर?" हा प्रश्न त्यांनीच, त्यांच्याच शब्दांत, त्या माणसाला विचारावा.

पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. त्यातले नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो आधी काढून ठेवा, लिनक्स टाकताना सगळं पुसलं जातं.